‘क्ष’च्या आधीचं बीजगणित

(रेडिओवरून दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

बीजगणित हा शब्द उच्चारला की पुष्कळांच्या कपाळावर आठी येते. ‘आमचं गणित सातवीपर्यंत ठीक होतं हो, पुढे ते क्ष आणि य आले आणि सगळं डोक्यावरून गेलं,’ असं सांगणारी माणसं घरोघरी भेटतात. त्यांत हिशेबाला पक्के असलेले दुकानदार असतात, बँकेत आयुष्य काढलेले असतात, शिवणाच्या मापात सुताचाही फरक होऊ न देणाऱ्या बायका असतात. म्हणजे ही माणसं आकड्यांना घाबरणारी नव्हेत. मग बिघडलं कुठे? प्राथमिक शाळेत बरीच वर्षं गणित शिकवल्यावर माझं मत असं झालं आहे की, ते आठवीत बिघडत नाही. त्याची सुरुवात पहिली-दुसरीतच झालेली असते, आणि तीही एका लहानशा खुणेपाशी. ती खूण म्हणजे दोन आडव्या रेघांचं ‘बरोबर’चं चिन्ह.

तुमच्या घरात किंवा शेजारी दुसरी ते सहावीतलं एखादं मूल असेल, तर त्याला एक गणित घालून पाहा. कागदावर लिहा : ८ + ४ = □ + ५. चौकटीत कोणती संख्या येईल, एवढंच विचारा. मदत करू नका, भुवयाही उंचावू नका. बरीच मुलं चटकन ‘बारा’ लिहितील. काही जण दिसतील तेवढे सगळे आकडे मिळवून ‘सतरा’ लिहितील. ‘सात’ लिहिणारं मूल भेटलं, तर ते कसं सुचलं हे त्याला जरूर विचारा.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले थॉमस कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न पहिली ते सहावीच्या वर्गांत घातला होता. १९९९ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. सहावीच्या १४५ मुलांपैकी ‘सात’ किती जणांनी लिहिलं असेल? एकानेही नाही. सगळ्यांची उत्तरं बारा किंवा सतरा. ही मुलं मठ्ठ नव्हती. आठ आणि चार बारा हे त्यांना उत्तम येत होतं. त्यांची समजूत एवढीच होती की, बरोबरचं चिन्ह आलं की पुढे उत्तर लिहायचं.

ही समजूत मुलाने मनाने काढलेली नसते, ती आपणच त्याला दिलेली असते. पहिलीच्या पुस्तकापासून मूल जी गणितं पाहतं, त्यांत बेरीज-वजाबाकीची खटपट डावीकडे आणि उत्तर उजवीकडे. शेकडो गणितं अशीच. कॅल्क्युलेटरवरही बरोबरचं बटण दाबलं की उत्तर हजर. त्यात आपल्या मराठीची एक गंमत आहे. बाई वहीवर ‘बरोबर’ची खूण करतात, तेव्हा त्याचा अर्थ अचूक. ‘आईबरोबर बाजारात गेलो’ म्हणजे सोबत गेलो. आणि ‘कुस्ती बरोबरीत सुटली’ म्हटलं की दोन्ही गडी सारखे ठरले. गणिताला हवा आहे तो हा तिसरा अर्थ. पहिले दोन अर्थ मुलाला घरीदारी रोज भेटतात, तिसऱ्याची ओळख मुद्दाम करून द्यावी लागते.

हे चिन्ह काढणाऱ्याच्या मनातही तोच अर्थ होता. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली एका पुस्तकात ते पहिल्यांदा छापलं. ‘च्या बरोबर आहे’ असं पुनःपुन्हा लिहायचा त्यांना कंटाळा आला होता. दोन समांतर, सारख्या लांबीच्या रेघाच का, तर यांच्यापेक्षा अधिक सारख्या अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत, असं त्यांनी कारण दिलं. उत्तराचा तिथे प्रश्नच नव्हता.

तुम्ही म्हणाल, उत्तर आल्याशी कारण. एवढा कीस कशाला पाडायचा? तर एक नेहमीचा हिशेब घेऊ. मूल लिहितं : २० + ३० = ५० + ७ = ५७ + ८ = ६५. उत्तर पासष्ट, अगदी ठीक. पण लिहिलेलं वाचून पाहा. वीस आणि तीस मिळून पासष्ट होतात, असं ते वाक्य सांगतं. पासष्ट हे उत्तर आलं म्हणून चौथीत आपण ते सोडून देतो. मग आठवीत हेच मूल ‘३क्ष + ५’ पाहतं आणि बेधडक ‘८क्ष’ लिहून मोकळं होतं. कारण मधे अधिकचं चिन्ह शिल्लक ठेवून थांबायची त्याला सवयच नाही. एकच आकडा येईपर्यंत त्याला काम अपुरं वाटतं. ‘२क्ष + ३ = क्ष + १०’ असं समीकरण आलं तर तो आणखीच गोंधळतो, कारण उत्तराच्या जागीही गणितच लिहिलेलं असतं. मग ‘दोन्ही बाजूंतून तीन वजा करा’ हे वाक्य त्याला कोणाच्या तरी लहरीसारखं वाटतं. दोन बाजू आहेत, आणि त्या सारख्या राखायच्या आहेत, हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. दोन-तीन वर्षं असं चाललं की ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो आणि पुढच्या कितीतरी वाटा त्या शिक्क्याने बंद होतात.

पूर्वी हे दाखवायला वाण्याचा तराजू होता. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात डाळ. आता बहुतेक दुकानांत इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि तोही उत्तरच दाखवतो! म्हणून आम्ही वर्गात कपड्यांचा हँगर टांगायचो. दोन्ही टोकांना सारख्या पिशव्या आणि त्यांत बाटल्यांची सारखी बुचं. एकीकडे आठ आणि चार टाका, दुसरीकडे पाच. हँगर कलतो. सरळ करायला आणखी किती? ‘सात’ हे उत्तर मग मुलं अंदाजाने नाही, तर डोळ्यांनी पाहून देतात.

पुढची पायरी म्हणजे खरं-खोटं. फळ्यावर एक वाक्य लिहायचं आणि मुलांनी ते खरं की खोटं ते सांगायचं. १२ = ८ + ४. ‘बाई, उलटं लिहिलंय!’ असा गिल्ला होतो. ७ = ७. ‘यात गणितच नाही!’ ६ + ५ = ५ + ६. इथे वर्ग थोडा शांत होतो. मग जरा मोठे आकडे : ३७ + ४८ = ३८ + ४७. काही मुलं दोन्हीकडच्या बेरजा करायला बसतात. एखादी मुलगी मात्र हात वर करते आणि म्हणते, ‘बेरीज कशाला करायची? अठ्ठेचाळीसमधला एक सदतीसला दिलाय.’ तिने बेरीज केलेलीच नाही. दोन संख्यांमधला संबंध पाहिला आणि त्यावरून निकाल दिला. मी हिलाच बीजगणिताची सुरुवात मानते. इथे क्ष नाही, य नाही. पण संख्या कोणत्याही असल्या तरी एकीचा एक काढून दुसरीला दिला तर बेरीज बदलत नाही, हे तिला उमगलं आहे.

या कामी आपली भाषा किती मदत करते पाहा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. एकोणतीस म्हणजे ‘एक उणे तीस’, तिसाला एक कमी. आकड्याच्या नावातच वजाबाकी आहे. आता २९ + १५ करायचे आहेत. पंधरातला एक एकोणतीसला द्या, तीस आणि चौदा, चव्वेचाळीस. हातचा नाही, बोटं नाहीत. बाजारात भाजीवाल्या मावशी असाच हिशेब करतात. त्यांना तो नियम कोणी शिकवलेला नसतो, आणि आपण शाळेत मात्र तो हातच्याखाली दडपून टाकतो.

याचीच एक उलटी बाजूही मुलांपुढे ठेवावी. ४३ − १९ मध्ये काय करायचं? बेरजेची युक्ती लक्षात ठेवून काही मुलं एकीकडचा एक दुसरीकडे देतात, ४२ − २०, बावीस. काही म्हणतात, दोघांनाही एक-एक द्या, ४४ − २०, चोवीस. भांडण जुंपतं. त्या वेळी मी विचारायची, ‘तुझी ताई तुझ्यापेक्षा किती वर्षांनी मोठी?’ ‘चार.’ ‘पुढच्या वर्षी किती वर्षांनी मोठी असेल?’ मुलं हसतात. दोघांची वयं एकेकाने वाढली तरी अंतर तेच राहतं. वजाबाकी म्हणजे अंतर, म्हणून तिथे दोघांनाही सारखंच द्यायचं. असा पटलेला नियम पाठ करावा लागत नाही.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर याच दिशेने काम केलं आहे. आकडेमोड न करता, नुसती मांडणी पाहून दोन बाजू समान आहेत की नाहीत हे ठरवायचं, त्याची कारणं द्यायची आणि तीच नजर घेऊन अक्षरांच्या बीजगणितात शिरायचं. अंकगणित आणि बीजगणित यांच्यामध्ये आपण जी भिंत घातली आहे, तिला दार पाडण्याचाच हा प्रकार.

आता बीजगणिताचा दुसरा धागा. ‘नेहमीच असं होईल का?’ हा तो प्रश्न. चिंचोके घेऊन एकी-बेकी खेळणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. मुठीतले चिंचोके जोड्यांनी मांडले आणि एक उरला तर एकी, काही उरला नाही तर बेकी. पुस्तकात यांनाच विषम आणि सम म्हणतात. आता विचारा, दोन मुठींत एकी असेल आणि त्या एकत्र केल्या तर काय होईल? मुलं करून पाहतात. तीन आणि पाच, आठ. सात आणि नऊ, सोळा. दर वेळी बेकी. मग मी विचारायची, ‘हजारातले आकडे घेतले तरी?’ एक मुलगा म्हणाला, ‘मी वीस वेळा करून पाहिलंय, होतंच.’ दुसरा म्हणाला, ‘पण एकविसाव्या वेळी नाही झालं तर?’ हा दुसरा प्रश्न फार मोलाचा. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, या मुठीत एक एकटा उरलाय, त्या मुठीत एक एकटा उरलाय. त्या दोघांचीच जोडी लागते ना!’ झालं. आता वीस उदाहरणांची गरज नाही, हजारांचीही नाही. आठ वर्षांच्या मुलीने सगळ्या विषम संख्यांबद्दल एकदम बोलून टाकलं. गणितात याला सिद्धता म्हणतात.

आणखी एक खेळ. दोन अंकी संख्या घ्या, ७२. तिचे अंक उलटे करा, २७. मोठीतून लहान वजा करा, ४५. दुसरी घ्या, ८५ वजा ५८, २७. तिसरी, ६१ वजा १६, पुन्हा ४५. उत्तरं नेहमी नवाच्या पाढ्यातली. मुलांना हे जादूसारखं वाटतं. पण जादू म्हणून सोडून देऊ नये, कारण विचारावं. ७२ म्हणजे दहाच्या सात नोटा आणि रुपयाची दोन नाणी. उलटं केल्यावर दहाच्या दोनच नोटा राहिल्या आणि नाणी झाली सात. म्हणजे पाच नोटा गेल्या आणि त्यांच्या जागी पाच नाणी आली. दहाची नोट देऊन रुपयाचं नाणं घेतलं की नऊ रुपयांचं नुकसान. असं पाच वेळा झालं, पाच नव्वे पंचेचाळीस. म्हणजे दोन अंकांतला फरक काढा आणि त्याला नवाने गुणा. आठवीत हेच अक्षरांनी एका ओळीत लिहितात. नोटा-नाण्यांतून गेलेल्या मुलाला ती ओळ परकी वाटत नाही.

अशा खेळात आयुष्यभर रमलेला एक शाळामास्तर आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, मृत्यू १९८६. नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळेत शिकवत. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता ६१७४ चं तेच केलं की पुन्हा ६१७४ च येतात. कुठूनही निघा, फार तर सात वेळांत तुम्ही ६१७४ पाशी पोचता. १९४९ साली कापरेकरांनी हे मांडलं. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिलं आणि देवळालीचे हे मास्तर जगभर पोचले. चौथीच्या मुलाला वजाबाकीचा सराव हवाच असतो. पन्नास सुटी गणितं देण्याऐवजी हा एक खेळ द्या. पन्नास वजाबाक्या तो आपणहून करील, आणि ‘असं का?’ हेही विचारील.

पण इथे एक सावधगिरीची सूचना. आकृतिबंध म्हटलं की आपल्याकडे ‘पुढील संख्या ओळखा’ एवढंच डोळ्यांपुढे येतं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत अशा मालिका ढिगाने सोडवून घेतात. १, २, ४, पुढे काय? ‘आठ’ म्हणणारं मूल दुप्पट करत गेलं आहे. ‘सात’ म्हणणारं मूल आधी एक, मग दोन, मग तीन मिळवत गेलं आहे. दोघांचंही म्हणणं खरं आहे. नुसते आकडे पाहून ‘पुढची संख्या अमुकच’ असा हुकूम काढता येत नाही. नियम कुठून आला ते सांगावं लागतं. म्हणून मला आकड्यांच्या सुट्या मालिकांपेक्षा दारातली रांगोळी जास्त आवडते.

ठिपक्यांच्या रांगोळीच्या पुस्तकात ‘७ ते ४ ठिपके’ असं लिहिलेलं असतं. मधल्या ओळीत सात ठिपके, मग दोन्ही अंगांना सहा, पाच, चार. एकंदर किती ठिपके? ३७. त्याहून लहान ‘५ ते ३’ची काढली तर १९. ‘३ ते २’ची तर ७. आणि अगदी मधला ठिपका एकटा, १. आता ही ओळ पाहा : १, ७, १९, ३७. मधली अंतरं आहेत ६, १२, १८. मुलांना विचारा, सहा-सहाच का वाढतात? आणि त्यांना रंगीत खडूने मधल्या ठिपक्याभोवतीची कडी रंगवायला लावा. पहिल्या कड्यात सहा ठिपके, दुसऱ्यात बारा, तिसऱ्यात अठरा. कड्याला सहा बाजू आहेत आणि बाहेरच्या प्रत्येक कड्यात दर बाजूला एक ठिपका वाढतो, म्हणून सहा. आता ‘९ ते ५’ची रांगोळी मुलं न काढता सांगतात : ३७ आणि २४, ६१ ठिपके. हे उत्तर अंदाजाने आलेलं नाही, त्यामागे दिसलेलं कारण आहे. असंच एक गणित तुमच्यासाठीही ठेवते. पाच ठिपके, पाच ओळींची चौकोनी रांगोळी सहा-सहाची करायला आणखी किती ठिपके लागतील? आणि सहा-सहाची सात-सातची करायला? काढून पाहा, विषम संख्या रांगेने उभ्या राहतील.

मग अक्षरं केव्हा आणायची? घाई नको. ज्या संख्येचा पत्ता नाही तिलाही नाव देऊन कामाला लावता येतं, ही कल्पना महत्त्वाची, अक्षर नंतरचं. भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. त्यांत अज्ञात संख्येला नाव आहे ‘यावत्तावत्’, म्हणजे जेवढी असेल तेवढी. एकाहून जास्त अज्ञात संख्या आल्या तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. काळी, निळी, पिवळी. लहान मुलांना यापेक्षा सोपं काय असणार? चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. म्हणजे बीजगणित आपल्याला काही परकं नाही.

हे ‘यावत्तावत्’ वर्गात असं येतं. मुलांना सांगायचं, मनात एक संख्या धरा. तिच्यात पाच मिळवा. दुप्पट करा. चार वजा करा. निम्मे करा. आता मनातली मूळ संख्या वजा करा. तुमचं उत्तर तीन! सगळा वर्ग चकित. मग चित्र काढायचं. मनातली संख्या म्हणजे तोंड बांधलेली एक पिशवी, आत जेवढे असतील तेवढे खडे. पिशवी आणि बाहेर पाच खडे. दुप्पट केल्यावर दोन पिशव्या, दहा खडे. चार काढले, दोन पिशव्या, सहा खडे. निम्मे केले, एक पिशवी, तीन खडे. पिशवी काढून घेतली, राहिले तीन. पिशवी उघडायची वेळच आली नाही. तिसरी-चौथीची मुलं हे चित्र काढतात आणि घरी जाऊन स्वतःचे नवे खेळ रचतात. पुढे त्या पिशवीच्या जागी क्ष लिहायला त्यांना कितीसा वेळ लागणार?

आता एक आक्षेप. पालक म्हणतात, ‘बाई, मुलांना पाढे येत नाहीत, भागाकार येत नाही आणि तुम्ही बीजगणित कुठे काढलंत?’ आक्षेप खोटा नाही. ‘असर’च्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारी मुलं पाचवीच्या वर्गात एक तृतीयांशाहूनही कमी आहेत. पाढे यायलाच हवेत, मी त्या मताची आहे. पण मी सांगते आहे तो काही वेगळा तास नाही. पाढे म्हणतानाच हे करायचं आहे. बारा सत्ते चौऱ्याऐंशी पाठ असू दे, पण विसरला तर? दाही साते सत्तर, दोन साते चौदा, सत्तर आणि चौदा चौऱ्याऐंशी. ही तोड माहीत असलेलं मूल अडत नाही. नुसत्या पाठांतरावर असलेलं मूल मात्र एक दुवा निसटला की पहिल्यापासून पाढा म्हणायला लागतं. भागाकार न येणाऱ्या मुलालाही बहुतेक वेळा पायऱ्या आठवत नसतात, आणि त्या पायऱ्या कशासाठी आहेत हे माहीत नसल्याने पुन्हा उभ्या करता येत नाहीत.

शाळेच्या पुस्तकांनीही हे ओळखलेलं आहे. बालभारतीच्या २०१५ च्या पाचवीच्या पुस्तकात आकृतिबंध आणि बीजगणिताची पूर्वतयारी असे दोन धडे होते. मात्र ते पुस्तकातले अगदी शेवटचे दोन. वार्षिक परीक्षा तोंडावर आली की शेवटच्या धड्यांचं काय होतं, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेत पायाभूत संख्याज्ञानात आकृतिबंधांना जागा दिलेली आहे. कागदावर जागा मिळाली, आता तासाला मिळायला हवी. त्याला साहित्य लागत नाही, जादा तासही लागत नाही. हँगर, बुचं, चिंचोके आणि रांगोळीचे ठिपके एवढं पुरे.

घरी काय करावं, तेवढं सांगून थांबते. मुलाचं गणित तपासताना उत्तरावर खूण करून वही मिटू नका. ‘कसं काढलंस?’ एवढं विचारा. उत्तर अचूक असलं तरी विचारा, नाहीतर हा प्रश्न म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, असं मुलाला वाटू लागतं. त्याने एखादी युक्ती सांगितली तर विचारा, ‘दुसऱ्या आकड्यांनाही चालेल का?’ आणि चालते म्हणाला तर, ‘का बरं?’ रोज एकाच गणिताला हे विचारलं तरी पुष्कळ झालं. सुरुवातीची चौकट घालून पाहिलीत आणि मुलाने तिच्यात बारा लिहिले, तर रागावू नका. ‘डावीकडे किती झाले? उजवीकडे किती झाले?’ असं विचारा आणि थोडा वेळ गप्प बसा. बहुतेक मुलं खोडरबर स्वतःच शोधतात.